अधिक-उणे

अंबरनाथमध्ये कामगाराच्या घरात वाढलेल्या मुलाला मिलिमीटर शाळेत शिकावा लागत नसे. तो घरातच कळे. आमचे आजोबा महाडकडचे गवंडी. ओळंबा, गुण्या आणि थापी एवढीच त्यांची हत्यारे. त्यांचे माप सुतात चाले. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. भिंत दोन सूत बाहेर आली तर ते हसत आणि गिलाव्यात सांभाळून घेत. त्यांचा मुलगा, म्हणजे आमचे अब्बा, इथल्या एका कारखान्यात टूलरूममध्ये सरफेस ग्राइंडरवर लागले. त्यांचे माप मायक्रॉनमध्ये. एका सुतात तीन हजारांहून अधिक मायक्रॉन मावतात. एका पिढीत आमचे घराणे सुतावरून मायक्रॉनवर आले. या प्रवासाचे आम्हाला कौतुक होते, अजूनही आहे. पण या प्रवासात काहीतरी सांडले, आणि ते काय होते हे समजायला आम्हाला पन्नाशी गाठावी लागली.

या गावाला बारीक कामाची परंपरा जुनी आहे. वालधुनीच्या काठचे शिवमंदिर शिलालेखाप्रमाणे शके ९८२ चे, म्हणजे इ. स. १०६० चे, शिलाहारांच्या राजवटीतले. त्याच्या भिंतींवरचे कोरीवकाम पाहायला आजही दुरून लोक येतात. त्यानंतरची कित्येक शतके गाव भातशेतीचे होते. यंत्रे आली ती विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात, आणि तीही स्वीडनहून. स्वीडिश आगपेटी कंपनीने १९२३ मध्ये ‘वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी’ काढली, ती विम्को. तिचा कारखाना अंबरनाथला उभा राहिला आणि एका नाक्याला कायमचे नाव देऊन गेला. कारखाना गेला, विम्को नाका राहिला. त्या काळी काडेपेटीवर आत किती काड्या आहेत ते छापत, पण ‘सरासरी’ या शब्दासह छापत. मोजून शपथ घेण्याचा आव त्यात नव्हता. दोन-चार काड्या इकडे-तिकडे होणार हे कंपनी पेटीवरच कबूल करत असे. हा ‘सरासरी’ शब्द वाचकांनी ध्यानात ठेवावा. पुढे त्याच्याशी आपले काम आहे.

स्वातंत्र्यानंतर देशाला स्वतःची यंत्रे हवी होती. पन्नासच्या दशकात सरकारने अंबरनाथला मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी उभारली आणि तिला जोडून कारागीर घडवण्याची शाळा चालवली. शेजारी ऑर्डनन्स फॅक्टरी होतीच. (२०२१ मध्ये आयुध निर्माणी मंडळ मोडून सात कंपन्या झाल्या, तेव्हा हे दोन शेजारी दोन वेगळ्या कंपन्यांत गेले.) १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ स्थापन झाले. मग मोरिवली, चिखलोली, आनंदनगर असे पट्टे एकामागून एक वसत गेले. बारवी धरणाचे पाणी आले, रसायनांचे कारखाने आले, आणि त्यांच्या आडोशाला पत्र्याच्या शेडमधली लहान वर्कशॉपे आली. दोन लेथ, एक मिलिंग, एक ड्रिल आणि भिंतीवर कुणाच्या श्रद्धेप्रमाणे कुठली तरी तसबीर. सरकारी कारखान्यांतून आणि मोठ्या टूलरूममधून तयार झालेले हात या शेडमध्ये पसरले. दूरवर मलंगगडाचा सुळका दिसायचा. पावसाळ्यात तो ढगात जायचा, तेव्हा अब्बा म्हणत, “आज हवेत पाणी आहे, जॉब गंजेल.” डोंगर पाहूनही त्यांना जॉबच आठवे.

एका स्टेशनावर उल्हासनगर. १९४९ मध्ये कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधी निर्वासितांची ही वसाहत उभी राहिली आणि तिने शून्यातून व्यापार उभा केला. ‘मेड इन यूएसए’ म्हणजे ‘उल्हासनगर सिंधी असोसिएशन’ हा विनोद आमच्या पिढीने हजारदा ऐकला आणि हजारदा सांगितला. हुबेहूब दिसणारा, निम्म्या किमतीचा आणि ‘चालतो तोवर चालतो’ जातीचा माल. अब्बांना तो विनोद आवडत नसे. उल्हासनगरची वस्तू घरात आली की ते ती उलटीपालटी करून पाहत, जोडावरून नख फिरवत आणि काही न बोलता ठेवून देत. ते न बोलणे आम्हाला शिव्यांपेक्षा जड वाटे.

आता त्या बारीक मापाची गोष्ट. गंमत अशी की तीही स्वीडनचीच. एस्किल्स्टूना गावातल्या बंदुकीच्या कारखान्यात कार्ल एडवर्ड योहान्सन नावाचा तपासनीस होता. प्रत्येक मापासाठी वेगळे गेज बनवण्यात जन्म जातो हे त्याने पाहिले होते. १८९६ मध्ये त्याला कल्पना सुचली की, ठरावीक जाडीच्या पोलादी वड्यांचा एक संच करावा आणि त्या जोडून हवे ते माप तयार करावे. १०२ वड्यांत वीस हजार मापे! या वड्या इतक्या सपाट असतात की एकमेकींवर घासून सरकवल्या की चिकटून बसतात. आपल्या टूलरूममध्ये यांनाच ‘स्लिप गेज’ म्हणतात. अब्बा सुटीच्या दिवशी आम्हाला त्याबद्दल सांगत तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा. पेटी उघडण्याआधी हात धुवायचे, वडी उघड्या बोटाने धरायची नाही, वापरली की पुसून व्हॅसलीन लावून ठेवायची. ऐकताना वाटे, हे एखाद्या इबादतीबद्दल बोलत आहेत.

पण त्या पवित्र पेटीचीही एक अट आहे. तिच्यावर लिहिलेले माप २० अंश सेल्सिअसला खरे. हे तापमान १९३१ मध्ये जगाने ठरवून घेतले. अंबरनाथचा मे महिना पस्तीस-चाळीस अंशांचा. शंभर मिलिमीटरचे पोलाद वीस अंशांवरून पस्तीसवर गेले की सुमारे १७ मायक्रॉन वाढते. म्हणून जाणता कारागीर गेज आणि जॉब एकाच टेबलावर तास-दोन तास शेजारी ठेवतो आणि मग मोजतो. म्हणजे जगातली सर्वांत नेमकी वस्तूही हवामान विचारून नेमकी असते.

आणि ड्रॉइंग! इंजिनीअरने काढलेल्या कुठल्याही शहाण्या ड्रॉइंगवर नुसता आकडा कधी नसतो. त्याच्यासोबत किती वाढले-घटले तर चालेल हे लिहिलेले असते. कुठे अधिक-उणे चिन्ह, कुठे अक्षर आणि आकडा. २५ मिलिमीटरच्या भोकापुढे ‘एच ७’ लिहिले असेल तर भोक २५.००० पासून २५.०२१ पर्यंत कुठेही असो, ते पास. त्यात फिरणाऱ्या दांड्यापुढे ‘जी ६’ असेल तर दांडा २४.९८० ते २४.९९३. दांडा मुद्दाम भोकापेक्षा कमी ठेवतात, कारण दोघे अगदी बरोबरीचे झाले तर फिरतच नाहीत, अडकतात. मधल्या फटीत तेल राहते आणि त्या तेलावर यंत्र चालते. ही फट चूक म्हणून राहिलेली नसते. ती हिशेबाने ठेवलेली असते. यंत्रयुगाचा सगळा डोलारा, सुटे भाग एकीकडे बनवून दुसरीकडे जोडण्याची सगळी किमया, उभी आहे ती ‘एवढे अधिक-उणे चालेल’ या लेखी कबुलीवर. ही परवानगी काढून घेतली तर जगातला एकही कारखाना दुसऱ्या दिवशी माल बाहेर काढू शकणार नाही.

अब्बांना हे आमच्यापेक्षा शंभर पटींनी ठाऊक होते. तरीही ड्रॉइंगमध्ये वीस मायक्रॉनची मुभा असली की ते दोनवर काम आणत. वरिष्ठ खूश असत. बक्षीस म्हणून अवघड जॉब त्यांच्याकडेच येई आणि पगार तोच राही. त्याबद्दल तक्रार नाही. कसबी हाताचे हे भोग सगळीकडे सारखेच. अडचण घरी होती. घराला अब्बांनी कधी अधिक-उणे लिहूनच दिले नाही.

अम्मीची भाकरी गोल हवी. पडद्याची कड जमिनीपासून सारख्या अंतरावर हवी. वहीत खाडाखोड दिसली की पान फाडून पुन्हा लिहायचे. आम्ही रबराने इतके खोडत असू की कागदाला भोक पडे, आणि मग भोक पडले म्हणून पान फाडावे लागे. पहाटे फजरच्या वेळी मोरीतला नळ बराच वेळ वाजत राही. अब्बा वजू करत, कोपर कोरडे राहिले असे वाटे, पुन्हा सुरुवात करत. थंडीत त्यांचे हात उकलत. पोटात कायम आग. डॉक्टर गोळ्या देत आणि म्हणत, “चिंता करू नका.” पण चिंता हा त्यांच्या हुनराचाच भाग होता, ती कशी सोडायची हे कुणी सांगत नसे. मनाचा डॉक्टर दाखवावा हे कुणाच्या मनातही आले नाही. आमच्याकडे ‘ठाण्याला नेणे’ या शब्दांना एकच अर्थ होता. १९०१ पासूनचे ते मनोरुग्णालय आमच्या पिढीपर्यंत इलाजाची जागा म्हणून पोचलेच नव्हते, ते धमकी म्हणून पोचले होते.

भाईची गोष्ट याच घरातली. आमचा थोरला भाऊ फिटर ट्रेडला होता. हात अब्बांचा, कदाचित थोडा सरसच. शेवटच्या परीक्षेचा जॉब होता कानशीने घासून एकात एक बसवायच्या दोन तुकड्यांचा. माप ५०.०० मिलिमीटर, अधिक-उणे ०.०४. भाईचा तुकडा ५०.०२ वर आला. पास होता. शेजारच्या मुलाने तसे सांगितलेही. पण भाईला ते वरचे दोन शतांश सहन होईनात. त्याने कानस पुन्हा उचलली. दोन शतांश काढताना एक कोपरा उतरला. तो गुण्यात आणायला दुसरी बाजू घासली. मग पहिली. वेळ संपली तेव्हा तुकडा आरशासारखा होता आणि मापाच्या खाली गेला होता. भाईने तो जमा केला नाही. खिशात टाकून घरी आला. अब्बांनी एवढेच विचारले, “किती गेला?” भाई म्हणाला, “मोजला नाही.” त्यानंतर त्याने पुन्हा परीक्षा दिली नाही. कुठलाच अर्ज पुरा भरला नाही. अक्षर चुकले की फॉर्म फाडायचा. आम्ही त्याला आळशी म्हणत होतो. आज ते आठवले की लाज वाटते.

पुढे वाचनात आले की ही खोड आपल्याकडे हजार वर्षांपूर्वी ओळखली गेली होती. बल्खचे अबू झैद अल-बल्खी हे दहाव्या शतकातले विद्वान, इंतकाल ९३४ चा. त्यांनी देह आणि नफ्स या दोहोंच्या आरोग्यावर एक ग्रंथ लिहिला. मनाची दुखणी शरीराच्या दुखण्याइतकीच खरी असतात हे त्यांनी त्यात मांडले, आणि मनात पुन्हा पुन्हा घुसणाऱ्या, माणसाला दुसरे काही करू न देणाऱ्या विचारांना स्वतंत्र जागा दिली. आजचे मानसोपचारतज्ज्ञ ते प्रकरण आदराने वाचतात. बगदादचे इब्न अल-जौझी (इंतकाल १२०१) यांनी वजूत घागरी रिकाम्या करणाऱ्यांचा आणि नमाजची नीयत पुन्हा पुन्हा बांधणाऱ्यांचा चांगलाच समाचार घेतला आहे. दमास्कसचे इब्न कुदामा (इंतकाल १२२३) यांनी तर वसवशाच्या निषेधासाठी वेगळी पुस्तिकाच लिहिली. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. तकबीरच्या वेळी नीयत मनात हजर हवी, यावर आमच्या मसलकात विशेष भर. त्यामुळे की काय, तकबीरसाठी हात उचलायचे, सोडायचे, पुन्हा उचलायचे, अशी एखादी व्यक्ती प्रत्येक मशिदीत आमच्या लहानपणी असे. पोरे हसत. हसणाऱ्यांत आम्हीही होतो.

इमाम गझाली शाफईच होते. त्यांची हकीकत तर प्रसिद्ध आहे. बगदादच्या निजामियाचे मुख्य उस्ताद, वय चाळिशीच्या आत, जगभर नाव. १०९५ मध्ये त्यांना प्रश्न पडला की, आपण शिकवतो ते अल्लाहसाठी की नावासाठी? नीयत शंभर टक्के शुद्ध आहे का? सहा महिने ते या काट्यावर टांगलेले राहिले. मग जीभ बंद पडली. शिकवायला बसले तर शब्द फुटेना, घास उतरेना. हकिमांनी हात टेकले. शेवटी पद सोडून त्यांनी बगदाद सोडले. हे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आणि याच गझालींनी ‘इहया’मध्ये पाकीच्या प्रकरणात आठवण दिली आहे की, सुरुवातीच्या पिढ्या कपडा आणि पाणी यांबाबत सोप्या होत्या, चिखलातून अनवाणी येऊन नमाजला उभ्या राहत; त्यांची कडक नजर असे ती मनावर.

खुद्द नमाजमध्येही अधिक-उणे लिहिलेले आहे, हे आम्हाला फार उशिरा दिसले. तीन रकात झाल्या की चार, अशी शंका आली तर नमाज तोडायची नसते. कमी धरायची, राहिलेली पुरी करायची आणि शेवटी दोन सजदे जादा करायचे. हा सजदा-ए-सहव. सहव म्हणजे विसर, चूक. पैगंबर साहेबांकडूनही (स.) एकदा नमाजमध्ये विसर पडला होता, मागच्या एकाने तो लक्षात आणून दिला आणि त्यांनी तो पुरा केला, हे हदीसमध्ये आहे. आणि ज्याला पदोपदी शंका येते त्याच्यासाठी फुकहांनी आणखी सोपा नियम केला आहे: अशाने शंकेकडे बघूच नये. जे अब्बा एवढ्या निष्ठेने पाच वेळा उभे राहत, त्यांच्या रोजच्या इबादतीत चुकीसाठी जागा राखून ठेवलेली होती. ड्रॉइंगवरच लिहिलेले होते, म्हणा ना.

इथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. वसवसा आणि परिपूर्णतेचा हट्ट या दोन गोष्टी डॉक्टर वेगळ्या मानतात. पहिला वाढला तर तो आजार आहे, त्याला आज औषध आहे, बोलून करायचे उपचार आहेत, आणि ते घेण्यात कमीपणा नाही. दुसरा आजार म्हणून धरला जात नाही, उलट त्याची वाहवा होते, आणि म्हणून तो जास्त दिवस टिकतो. अब्बांचे दैवत के. आसिफ. ‘मुघल-ए-आझम’ला दहा वर्षांहून अधिक लागली, १९६० मध्ये तो पडद्यावर आला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. अब्बा हे आम्हाला दर ईदला सांगत. पण त्याच आसिफ साहेबांचा ‘लव्ह अँड गॉड’ १९७१ मध्ये त्यांच्या इंतकालानंतर अर्धाच राहिला आणि १९८६ मध्ये कसाबसा जोडून दाखवला गेला, हे अब्बांनी कधी सांगितले नाही.

कारखान्यांच्या जगातही हा वाद झालेला आहे. १९२४ च्या मे महिन्यात अमेरिकेत वॉल्टर शूहार्ट यांनी एका कागदावर आलेख काढून दाखवला. तुम्ही कितीही सांभाळा, प्रत्येक नग थोडा कमी-जास्त होणारच. त्यातला किती फरक यंत्राच्या स्वभावातला आणि किती खऱ्या बिघाडाचा, हे ओळखायला शिका. जो कारागीर प्रत्येक नगानंतर मशीनची सेटिंग हलवतो तो फरक कमी करत नाही, वाढवतो. भाईने कानशीने नेमके तेच केले होते. हे शूहार्ट महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून १९४७-४८ मध्ये भारतात येऊन गेले होते. म्हणजे हे शहाणपण आपल्या देशात आलेले होते. पण साठच्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेत क्षेपणास्त्रे बनवणाऱ्या मार्टिन कंपनीतून ‘झीरो डिफेक्ट’ची घोषणा निघाली आणि ती जास्त गाजली, कारण ती भिंतीवर रंगवता येत होती. आलेख रंगवता येत नाही. शूहार्ट यांचे सहकारी डेमिंग यांनी ‘शून्य दोष’सारख्या घोषणा काढून टाका, असे आपल्या चौदा सूत्रांत सांगून ठेवले होते. तरी नव्वदनंतर आयएसओची प्रमाणपत्रे आली तेव्हा आमच्या एमआयडीसीत फाटकाफाटकावर ‘शून्य दोष’ लिहिले गेले. प्रमाणपत्रांनी भलेही केले. हिशेब लेखी झाले, माल सुधारला. परंतु भिंतीवरचे वाक्य वाचणारा माणूस ते स्वतःलाही लागू करून घेतो.

आता जे सांगायचे ते थोडे अवघड आहे. अब्बा एवढे काटेकोर का झाले? हुनराची शान हे एक कारण. दुसरे कारण त्यांनी एकदाच बोलून दाखवले. १९८४ मध्ये भिवंडी पेटली. त्यानंतर कामावर जाताना ते म्हणाले, “आपल्या कामावर बोट ठेवायला जागा राहता कामा नये.” शेजारच्या मशीनवरच्या माणसाचा जॉब गेला तर तो त्याचा जॉब गेला. आपला गेला तर ‘यांचा’ गेला. असे त्यांना वाटे. प्रत्यक्षात तसे कुणी म्हणाले का? फार क्वचित. त्यांचे जिवलग दोस्त सगळ्या जातींचे होते आणि त्यांच्या मयतीला अर्धा खांदा त्यांनीच दिला. पण भीतीला पुरावा लागत नाही. १९९२-९३ नंतर ती आमच्याही पिढीत उतरली.

कॅनडातील पॉल हेविट आणि गॉर्डन फ्लेट या मानसशास्त्रज्ञांनी १९९१ मध्ये या हट्टाचे तीन प्रकार सांगितले. स्वतःकडून पूर्णतेची अपेक्षा, दुसऱ्यांकडून अपेक्षा, आणि जग आपल्याकडून ती अपेक्षा करते आहे ही धारणा. तिसरा प्रकार मनाला सर्वांत घातक, उदासी आणि निराशेशी सर्वांत जवळ. पुढे थॉमस करन आणि अँड्र्यू हिल यांनी अमेरिका, कॅनडा आणि ब्रिटनमधील ४१,६४१ विद्यार्थ्यांची १९८९ ते २०१६ या काळातली उत्तरे तपासली. तिन्ही प्रकार वाढलेले दिसले, आणि तिसरा सर्वांत जास्त, ३३ टक्क्यांनी. तिकडच्या सुखवस्तू मुलांची ही अवस्था. ज्यांना लहानपणापासून ‘तुझ्या एकाच्या चुकीने सगळ्यांचे नाव जाईल’ असे सांगितले जाते त्यांची मोजणी आमच्या पाहण्यात नाही. तिची गरजही वाटत नाही. आपण आपल्या घरातल्या पहिल्या पदवीधर मुलीकडे पाहावे. ८८ टक्के पडले म्हणून दोन दिवस न जेवणारी ती आपलीच आहे.

आम्हा लिहिणाऱ्यांचे तरी काय वेगळे? “तुमचं मराठी किती शुद्ध आहे हो!” ही दाद मिळाली नाही असा मुसलमान मराठी लेखक विरळा. दाद प्रेमाची असते, पण तिच्यात दडलेले आश्चर्य टोचते, आणि मग आपण ऱ्हस्व-दीर्घ चार वेळा तपासतो. एक अनुस्वार राहिला तर जणू मायबोलीवरचा आपला हक्क जाईल. १९९० मध्ये सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, त्यानंतर कितीतरी नवे हात लिहिते झाले. पण आम्ही असेही हात पाहिले आहेत की ज्यांच्या कपाटात चांगल्या कथा पिवळ्या पडल्या. ‘अजून एकदा बघतो’ म्हणत ते गेले. मराठीच्या पहिल्या थोर ग्रंथकाराने आपल्या श्रोत्यांकडे उण्या-अधिकाची सवलत मागून ठेवली होती. जुने कातिबही पोथीच्या शेवटी चूकभूल माफ करावी असे लिहीत. आम्हालाच ती सवलत मागायचा संकोच. हा लेखही गेली तीन वर्षे संपादकांना कबूल करून राहिला होता.

अब्बांच्या माघारी त्यांची हत्यारांची पेटी आमच्याकडे आली. तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेला एक पोलादी तुकडा निघाला. भाईचा. तो खिशातून कधी काढून घेतला आणि इतकी वर्षे तेल लावून का ठेवला, हे विचारायला आता कुणी नव्हते. आनंदनगरला एका दोस्ताचे लहान युनिट आहे, मोजमापाची खोली वातानुकूलित, वीस अंशांवर. आम्ही तो तुकडा तिथे नेला. दोस्ताने तो तासभर टेबलावर ठेवला, चहा पाजला, मग मोजला. ४९.९२.

भाई आता उल्हासनगरला मिक्सर, पंखे, गिझर दुरुस्त करतो. दुकान चांगले चालते. गिऱ्हाइकाला तो आधीच सांगतो, “नवं करून देणार नाही, चालू करून देईन.” आम्ही संध्याकाळी गेलो तेव्हा त्याच्या पुढ्यात एका मिक्सरचे पोट उघडे होते. तुकडा त्याच्या हातात दिला. त्याने तो अंगठ्याने चाचपला, उजेडाकडे धरून कोपरा पाहिला.

“किती भरला?”

“खालच्या मर्यादेपेक्षा चार शतांश कमी.”

“चारच?” भाई म्हणाला. “मला वाटलं होतं, दहा-बारा गेले असतील.” त्याने तुकडा स्क्रूच्या डब्याशेजारी ठेवला आणि पोऱ्याला कार्बन आणायला पाठवले.